नववीचा इतिहास, अपुरा पोर्शन आणि 'हे कशावरून?'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडोदऱ्यात दोन वर्षांपासून नववीला समाजविज्ञान शिकवताय. मुलं इतिहासाच्या तासाला जांभया देतात, सनावळ्या घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. काही वेगळं करायला जावं तर पोर्शन मागे पडतो. वर्गात निम्मी मुलं घरी मराठी बोलणारी, निम्मी गुजराती. ३५ मिनिटांच्या तासात नक्की करायचं काय?

मी याच शहरात ३१ वर्षं इतिहास शिकवला, आधी गुजराती माध्यमात, नंतर इंग्रजी माध्यमात. घर दांडिया बाजारातलं, मराठी. वर्गात मात्र सगळ्यांची मी 'बेन'. त्यामुळे तुमचा वर्ग मला डोळ्यांसमोर दिसतोय.

पहिली सहा-सात वर्षं मी फळ्यावर मुद्दे लिहून देत असे. कारणं पाच, परिणाम पाच. मुलं उतरवून घेत, मी वहीवर सही करत असे. निकाल चांगला लागायचा, म्हणून कुणी काही बोललं नाही. एकदा नववीतल्या एका मुलीने १८५७ च्या उठावाची कारणं घडाघडा म्हणून दाखवली. मी सहज विचारलं, "हे तुला कशावरून माहीत?" ती म्हणाली, "तुम्हीच लिहून दिलंय ना, बेन." तिचं काही चुकलं नव्हतं. मलाही ते कुठल्यातरी गाइडातूनच माहीत होतं. त्या संध्याकाळी मी वह्या तपासायला घेतल्या आणि ४८ वह्यांमध्ये माझंच वाक्य ४८ वेळा वाचलं. तेव्हापासून मी माझं शिकवणं बदलत गेले आणि ते सगळं या एका प्रश्नाभोवती फिरत राहिलं : हे कशावरून?

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक धड्यात एक जागा अशी निवडा, जिथे मुलांना स्वतः पुरावा बघून काही ठरवता येईल. तिथे थांबा, तास दोन तास थांबा. बाकीचा धडा सरळ सांगून पुढे जा. सगळाच धडा 'कृतीयुक्त' करायला गेलात तर दिवाळीपर्यंत दमून जाल आणि पोर्शनही अर्धाच होईल. वर्षातून आठ-दहा वेळा असं थांबलात तरी पुष्कळ झालं.

आता थांबायचं म्हणजे काय ते दोन उदाहरणांनी सांगते. दोन्ही वडोदऱ्याचीच आहेत, कारण इथल्या शिक्षकाला पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही.

माझ्या सासूबाईंच्या देवघरात तांब्याचं एक जुनं नाणं होतं, बडोदे संस्थानचं, दोन पैशांचं. सासूबाई गेल्यावर ते माझ्याकडे आलं. एका बाजूला घोड्याचा खूर आणि खाली तलवार, कडेने सयाजीराव गायकवाडांचं नाव आणि 'सेनाखासखेल समशेर बहादूर' ही पदवी. दुसऱ्या बाजूला 'दोन पैसे' आणि त्याखाली साल : १९४९. अक्षरं बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी. मी ते काड्यापेटीत कापसावर ठेवून वर्गात नेत असे. बाकावरून बाकावर फिरू द्यायचं. प्रत्येकाने हातात घ्यायचं, अंगठा फिरवायचा, वास घेतला तरी चालेल. तोपर्यंत मी काहीही बोलायचं नाही. हे न बोलणं सगळ्यात अवघड जातं, पण तेवढं जमवाच.

मग विचारायचं, "हे नाणं कधीचं?" दर वर्षी पहिलं उत्तर तेच यायचं : १९४९ चं. नंतर दोन-तीन मिनिटांत कुणीतरी कुरकुरायचं. तोवर देश स्वतंत्र झाला होता ना? मग राजाचं नाव कसं? आणि सयाजीराव तर १९३९ मध्येच वारले. मेलेल्या राजाचं नाणं दहा वर्षांनी कोण पाडेल? एका वर्षी एक मुलगा म्हणाला, १९४९ मध्येच तर बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे हे आठवण म्हणून काढलं असेल. चांगला तर्क होता. विलीनीकरण १ मे १९४९ चंच. मी त्याला फक्त विचारलं, "कशावरून?" तो नाणं पुन्हा हातात घेऊन बघत बसला.

त्या वर्षी गाठ सोडवली एका किराणा दुकानदाराच्या मुलीने. एरवी ती मागच्या बाकावर गप्प बसायची. ती म्हणाली, "बेन, आमच्या चोपड्यावर दिवाळीला लिहितात ते साल तर नसेल? ते पण पुढचंच असतं." विक्रम संवत! घरात शके माहीत असलेली माझी मराठी मुलं पाडव्याच्या नव्या वर्षात अडकली होती. बेसतुं वरस, म्हणजे दिवाळीनंतरचं गुजराती नवं वर्ष, साजरं करणाऱ्या घरातल्या मुलीला ते क्षणात कळलं. मग सगळ्यांनी हिशेब मांडला. संवत १९४९ म्हणजे इसवी सन १८९२-९३. सयाजीराव तेव्हा गादीवर, वय तिशीच्या आतलं. सगळं जुळलं.

पण तास तिथे संपवू नका. खरे प्रश्न पुढेच आहेत. इंग्रजांचं राज्य असताना नाण्यावर राणीचा चेहरा का नाही? गुजराती प्रजेच्या राज्यात अक्षरं मराठी वळणाची का? 'सेनाखासखेल' ही पदवी कुणी दिली? इथे साताऱ्याचे छत्रपती शाहू येतात, सेनापती दाभाडे येतात आणि १ एप्रिल १७३१ ची डभोईजवळची लढाई येते. बाजीरावाने त्र्यंबकराव दाभाड्यांचा पाडाव केला, तोही गुजरातच्या चौथाईच्या वादातून. मराठ्यांची मराठ्यांशी लढाई, आणि तीही बसने तासाभरात पोहोचता येईल अशा ठिकाणी. दाभाड्यांच्या बाजूचे पिलाजी गायकवाड त्यानंतर गुजरातेत पुढे आले, १७३२ मध्ये डाकोरला मारले गेले आणि त्यांचे पुत्र दमाजी यांच्या काळात १७३४ मध्ये गायकवाडांनी वडोदरा घेतलं. पाठ्यपुस्तकातला 'मराठा सत्तेचा विस्तार' असा दोन पैशांच्या नाण्यातून उलगडतो. आणि तैनाती फौज, मांडलिक संस्थानं, संस्थानिकांचे उरलेले अधिकार हे नुसते शब्द राहत नाहीत, कारण स्वतःचं नाणं पाडणारा पण परराष्ट्राशी स्वतः तह करू न शकणारा राजा मुलांना आता माहीत झालेला असतो.

नाणं नसेल तर? रावपुऱ्यातल्या, मांडवीजवळच्या जुन्या घरांमधून मुलंच काही ना काही आणतील. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, मोडीतला एखादा कागद, तांब्याच्या भांड्यावर कोरलेलं नाव. वस्तू घरी परत गेलीच पाहिजे, हा नियम मात्र पहिल्या दिवशी सांगा. एकदा एका मुलाच्या पणजोबांचं पत्र वर्गात फाटलं, त्याची टोचणी मला अजून आहे. त्यानंतर कागद आला की मी त्याचा फोटो काढून, प्रिंट काढून तीच फिरवत असे.

दुसरं उदाहरण मोठं आहे आणि त्याला मी दोन तास देत असे. बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचा खटला.

घटना अशी. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारात नेमलेले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी रोजच्यासारखा पपनसाच्या रसाचा पेला घेतला, दोन-तीन घोट प्यायले आणि चव विचित्र लागली म्हणून बाकीचा फेकून दिला. तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची भुकटी असल्याचं सांगण्यात आलं. संशय महाराजांवर गेला. फेअर आणि मल्हारराव यांचं आधीपासूनच वाकडं होतं. महाराजांचे दिवाण त्या वेळी होते दादाभाई नौरोजी. (हे सांगितलं की मुलं हमखास चमकतात, संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मांडणारे दादाभाई आपल्या गावात दिवाण होते, हे पुस्तकात नसतं.) १८७५ च्या सुरुवातीला महाराजांना अटक झाली आणि चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज : सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेलव्हिल. तीन हिंदी : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचे नामांकित वकील आले.

पहिल्या तासाला मी एवढंच सांगत असे आणि साक्षींच्या सहा चिठ्ठ्या वाटत असे. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी, जमादार नरसू, महाराजांचे खाजगी कारभारी दामोदरपंत यांनी काय सांगितलं, फेअर काय म्हणाले, रसायनतज्ज्ञ काय म्हणाले, महाराजांनी काय नाकारलं. प्रत्येक चिठ्ठी चार-पाच ओळींची. रावजी आणि दामोदरपंत यांना माफीचं वचन मिळालं होतं, ही ओळ चिठ्ठीवर असतेच, पण मी तिच्याकडे बोट दाखवत नसे. मुलांचे सहा-सहाचे गट करायचे आणि प्रत्येक गट म्हणजे एक कमिशन. निकाल लिहायचा : दोषी, निर्दोष, की सिद्ध झालं नाही. आणि खाली एका वाक्यात 'कशावरून'.

वर्गात जो गलका होतो त्याला घाबरू नका. शेजारच्या वर्गाच्या सरांना आधी सांगून ठेवा. त्या गलक्यात ऐकत फिरलात तर मुलं काय शिकताहेत ते कळतं. "ज्याला माफी मिळणारेय तो साहेबांना हवं तेच बोलणार ना?" असं एक मुलगी म्हणाली होती. तिच्याच गटातला मुलगा म्हणाला, "पण मग सोमल आला कुठून?" कायद्याच्या कॉलेजात शिकवतात ते ही चौदा वर्षांची मुलं आपापसात बोलत होती.

दुसऱ्या तासाला खरा निकाल सांगायचा. तिन्ही इंग्रज सदस्यांनी आरोप सिद्ध झाला असं लिहिलं, तिन्ही हिंदी सदस्यांनी सिद्ध झाला नाही असं लिहिलं. तेच पुरावे, तेच साक्षीदार, आणि तीन विरुद्ध तीन. वर्गात या क्षणी एकदम शांतता होते. मग विचारायचं, सरकारने आता काय करायचं? मुलं म्हणतात, सोडून द्यायचं, किंवा पुन्हा खटला चालवायचा. सरकारने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून दूर केलं, पण विषप्रयोगाचं कारण देऊन नाही. गैरकारभाराचं कारण देऊन. त्यांना मद्रासला पाठवण्यात आलं, तिथेच १८८२ मध्ये ते वारले. 'रेसिडेंट' या शब्दाचा अर्थ यापेक्षा चांगला कुठल्याही व्याख्येने सांगता येत नाही.

इथे एक सांभाळायचं. मुलं लगेच दुसऱ्या टोकाला जातात : महाराज निरपराध, इंग्रज कपटी. त्यांना थांबवा. सिद्ध न होणं वेगळं आणि निर्दोष असणं वेगळं. मल्हाररावांच्या कारभाराबद्दल १८७३ मध्येच एक चौकशी झाली होती, प्रजेच्या तक्रारी खऱ्या होत्या. राजा वाईट होता आणि त्याच्यावरचा खटलाही सरळ नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नववीच्या मुलाला हे पेलतं. आपल्यालाच वाटत राहतं की पेलणार नाही.

मग आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिक भागातल्या कवळाण्याहून आलेल्या बारा वर्षांच्या गोपाळरावाला २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतलं, तो सयाजीराव झाला, हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. मुलं त्याच्याच वयाची असतात. त्यातल्या एकाला तरी हटकून वाटतं की आपल्याला असं नेलं असतं तर.

सयाजीरावांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय. आपल्या गावात सगळं चांगलं सयाजीरावांनी केलं, असं मुलं घरूनच शिकून येतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं : १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९१० पासूनची वाचनालयांची चळवळ, तंत्रशिक्षणाचं कलाभवन, अजव्याच्या तलावातून शहराला आणलेलं पाणी. पण नुसता गौरव म्हणजे इतिहास नव्हे, आणि मुलांना गौरवाचा तास लगेच कंटाळा आणतो. म्हणून मी बाबासाहेब आंबेडकरांचं बडोदं शिकवत असे.

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आले. गावात राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना तिथून निघावं लागलं. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरी ठेवून घेतलं नाही. मुंबईची गाडी यायची होती तोवर ते कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तो उतारा दीड-दोन पानांचा आहे, वर्गात हळू आवाजात वाचा, मध्ये थांबून समजावू नका. ज्या बागेत मुलं खेळायला जातात तीच ही बाग. ज्या राज्याने त्यांना अमेरिकेला पाठवलं त्याच राज्याच्या राजधानीत त्यांना खोली मिळाली नाही. मुलांनी विचारलेला प्रश्न मी जसाच्या तसा सांगते : "महाराजांना माहीत नव्हतं का?" या प्रश्नावर पूर्ण तास जाऊ द्या. राजाचा हुकूम कुठपर्यंत पोहोचतो आणि समाज कुठे थांबवतो, हे सुधारणांच्या कुठल्याही धड्याचं मर्म आहे.

या तासाला एक पथ्य पाळा. वर्गात दलित घरातली मुलं असतात. त्यांच्याकडे बघून बोलू नका, त्यांना 'तुमच्याकडे काय सांगतात?' असं विचारू नका. त्यांना बोलायचं असेल तर ती बोलतील. आणि नाटुकलं बसवायचा मोह तर अजिबात नको. काठी घेऊन येणाऱ्याचं काम एका मुलाला द्यायचं आणि हाकललं जाणाऱ्याचं दुसऱ्याला, हे मी एकदा पाहिलंय. ज्याच्या वाट्याला ते काम आलं तो मुलगा पुढचे कित्येक दिवस खाली मान घालून बसायचा.

सनावळ्यांचं काय, हे तुम्ही विचारलंत. सनावळ्या हव्यातच. क्रम कळला नाही तर कारण कळत नाही. पण यादी पाठ करून क्रम कळत नाही. मी वर्गात खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधत असे आणि कपड्यांचे चिमटे ठेवत असे. शिकवलेली प्रत्येक घटना पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून मुलांनी तिथे लावायची. १७३१, १८५७, १८७५, १९१७, १९४९, १ मे १९६०. शेजारी घरातली सालं : पणजीचा जन्म, आजोबा वडोदऱ्याला आले ते वर्ष, स्वतःचा जन्म. जुलैत सुतळी रिकामी असते, फेब्रुवारीत लोंबायला लागते. जाता-येता मुलं ती वाचतात. पणजी संस्थानात जन्मली, आजी मुंबई राज्यात आणि आई गुजरातेत, तिघींचंही गाव तेच, हे एका मुलाने सुतळीकडे बघून स्वतः शोधलं.

रशियन क्रांती आणि पहिलं महायुद्ध याला स्थानिक पुरावा शोधत बसू नका. नकाशा, दोन फोटो, नीट सांगितलेली गोष्ट, बास. ओढून-ताणून आणलेला पुरावा मुलांना लगेच कळतो.

सयाजीबागेतलं म्युझियम दाखवायला न्याल तेव्हा सगळं दाखवू नका. पाट्या उतरवून घ्यायला तर सांगूच नका. एका मुलाला एक वस्तू, वीस मिनिटं, पेन्सिलने चित्र काढायचं आणि तीन प्रश्न लिहायचे ज्यांची उत्तरं पाटीवर नाहीत. परत आल्यावर ते प्रश्नच पुढच्या तासाचं साहित्य होतं.

आता परीक्षा. ही काळजी रास्त आहे आणि ती झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. आई-बाबा फी भरतात आणि निकाल विचारतात. माझा अनुभव असा की 'कशावरून'ची सवय लागलेली मुलं 'कारणे सांगा' प्रकारच्या प्रश्नांत कमी पडत नाहीत, पण त्यांना लिहायची रीत मुद्दाम शिकवावी लागते. मी तीन ओळींचा साचा देत असे : काय म्हणायचंय, कशावरून, आणि म्हणून काय झालं. दर शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं एकच उत्तर या साच्यात. वही तपासताना मी चुकीच्या सालावर लाल रेघ मारत असे आणि 'कशावरून' नसलेल्या वाक्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढत असे. मुलं प्रश्नचिन्हालाच जास्त घाबरायची. आणि जिथे पाठच करायचं आहे तिथे स्पष्ट सांगा की हे पाठ करा. ठरावांची नावं, कायद्यांची वर्षं यांना पर्याय नाही.

सुपरवायझरांची अडचण असेल तर महिन्याच्या नियोजनात त्या तासापुढे आधीच लिहून द्या : 'पुराव्यावर आधारित चर्चा, दोन तास'. मला एकदा सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं की बेन वर्गात गोंधळ घालू देतात. मी पुढच्या वेळी त्यांनाच मल्हाररावांच्या खटल्याच्या तासाला बोलावलं आणि एका गटात सदस्य म्हणून बसवलं. त्यांनी 'सिद्ध झालं नाही' असं लिहिलं आणि गटातल्या मुलीने त्यांना विचारलं, "कशावरून, सर?" त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचायला घेतली. त्यानंतर मला त्या तासाबद्दल कुणी काही म्हटलं नाही.

तुमच्या नववीचा पुढचा धडा ब्रिटिश सत्तेच्या उदयाचा असेल तर खटल्यापासूनच सुरुवात करा. चिठ्ठ्या गुजरातीत आणि मराठीत, दोन्हीत काढा आणि गट मिसळून करा. घरी मराठी बोलणारं मूल आणि घरी गुजराती बोलणारं मूल एका चिठ्ठीवर वाकलेलं असलं की निम्मं काम तिथेच होतं.